घाट गोल की थेंबाचा?

स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेत बसवावयाच्या सिलिकोनच्या पिशवीचा घाट गोल असावा की थेंबासारखा, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो या शल्यविशारदांनी अशी पहिली पिशवी बसविली, ती थेंबाच्याच घाटाची होती: वर निमुळती, खाली भरीव. पण थेंब आत फिरला की छातीचा आकार बिघडतो. गोल पिशवी फिरली तरी कोणाला कळणार? म्हणून थेंबाच्या पिशवीचा पृष्ठभाग खरखरीत करू लागले, की तिने जागा धरावी. नेमकी येथेच मेख आहे! खरखरीत पिशवीभोवती क्वचित लसिकापेशींचा कर्करोग उद्भवतो असे आढळले; २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीने आपल्या एका जातीच्या खरखरीत पिशव्या जगभरातून परत घेतल्या. गोल पिशवीने वरचा भाग अधिक फुगीर दिसतो, हे खरे. पण उभे राहिल्यावर आतले मऊ जेल खाली उतरते व तीही थोडी थेंबासारखीच होते. तेव्हा शल्यविशारदास प्रथम पृष्ठभागाविषयी विचारावे, मग छातीच्या रुंदीविषयी. पिशवी जन्मभर पुरेल असे धरून चालू नये. पुढे ती बदलण्यास खर्च किती, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.