रानातील भीतीचा आवाज

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत धानाची कित्येक शेते जंगलाला अगदी लागून आहेत. लोंब्या भरू लागल्या, की रानडुकरे व चितळे रात्री शेतात शिरतात. कित्येक महिन्यांचे कष्ट एका रात्रीत मातीमोल होऊ नयेत, म्हणून शेतकरी मचाणावर बसून जागल करतो. त्याच्या हाताशी असतो एक पत्र्याचा डबा, एक काठी आणि स्वतःचा खणखणीत आवाज. अंधारात, झाडीआड दडलेल्या जनावरापर्यंत पोचतो तो आवाजच.

आवाजाने भय का वाटावे? डोळ्यांची धाव झाडीपाशी थांबते. कानांची थांबत नाही. परंतु कोण आले आहे, ते किती मोठे व किती दूर आहे, हे कान निश्चित सांगू शकत नाहीत. अशा वेळी जीव संकट मोठेच धरून चालतो, आणि त्यातच शहाणपण असते. उगाच पळालेल्या चितळाचे दोन घास बुडतात. न पळालेल्याचा प्राण जातो. ताडोब्याच्या रानात वानराने झाडावरून इशारा दिला, की वाघ दृष्टीस पडण्यापूर्वीच चितळांचा कळप सावध होतो.

संगणकावरील साहसी खेळ रचणाऱ्यांनाही हे मर्म ठाऊक असते. जीव वाचवण्याच्या अशा खेळांत राक्षस बराच वेळ दिसत नाही. त्याची गुरगुर मात्र ऐकू येते. खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांची गती मंद केली, की स्वर खोल होतो. आणि खोल स्वर ऐकताच प्रचंड देहाची कल्पना मनात उभी राहते.

हीच युक्ती पीक राखण्यासाठीही करून पाहण्यात आली आहे. दक्षिण भारतात झालेला असा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शेताकडे जाणाऱ्या वाटेवर हत्ती आला, की यंत्रातून आपोआप गुरगुर ऐकू येई. वाघाची गुरगुर ऐकून हत्ती निमूटपणे माघारी फिरत. बिबट्याची गुरगुर ऐकून मात्र ते आधी चीत्कार करीत, कानोसा घेत आणि मग परतत. वाघ हत्तीच्या पिलाला मारू शकतो, हे जणू ते जाणत होते. २०२१ साली छत्तीसगडातून हत्तींचा कळप गडचिरोलीत आला; तेव्हापासून येथील शेतकऱ्यांच्या दृष्टीनेही हा विषय जिव्हाळ्याचा झाला आहे.

तथापि या उपायाला मर्यादा आहे. तोच आवाज रोज त्याच जागेवरून आला आणि त्यामागून संकट कधीच आले नाही, तर जनावरे त्याला सरावतात. रोज पळणाऱ्याला उपाशी राहावे लागते. म्हणून ती खोटी भीती ओळखण्यास शिकतात. खेळातही असेच घडते. क्षणोक्षणी गर्जणाऱ्या राक्षसाचे भय लवकरच ओसरते. यास्तव आवाज अवचित यावा, त्याची जागा बदलावी आणि मध्ये शांतता असावी.

आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेथील वन्य प्राणी सिंहाच्या गुरगुरण्यापेक्षा माणसांच्या साध्या बोलण्याने अधिक घाबरून पळाले. शिकारी माणसाची दहशत त्यांच्या मनात खोल रुजलेली होती. भीतीचा आवाज टिकतो तो त्याच्यामागे खरे काही असेल तरच. मचाणावरील डब्याच्या आवाजामागे एक जागा माणूस असतो. यंत्राला हे बळ उसने आणावे लागते.