सामरी भीती दाखवतो, पण किती वेळ?

१९८४ साल. एकीकडे मोठमोठ्या तारकांचे चित्रपट कसेबसे चालत होते आणि दुसरीकडे ज्यात एकही मोठा तारा नाही असा एक भयपट तालुक्याच्या गावांपासून मुंबईच्या चित्रपटगृहांपर्यंत गर्दी खेचत होता. नाव ‘पुराना मंदिर’, दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे. त्या वर्षीच्या भरघोस कमाई करणाऱ्या चित्रपटांत त्याची गणना झाली. पोस्टरवरचा तो लांबुळका, भेसूर चेहरा बघून शाळकरी पोरे रस्ता बदलत. ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी पाटी असूनही मिसरूड न फुटलेले कितीतरी प्रौढ आत बसलेले असत, ते वेगळेच!

आज हाच चित्रपट घरी दूरदर्शन संचावर लावून बघा. जिथे अंगावर काटा यायला हवा तिथे हशा पिकतो. पोरे म्हणतात, ‘पैसाच नव्हता हो त्यांच्याकडे, काय करणार?’ ही सबब सर्रास दिली जाते. ती खरी आहे का?

पैसा नव्हता हे खरेच. रामसे हे मूळचे रामसिंघानी. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेले फतेहचंद रामसिंघानी रेडिओच्या धंद्यातले. त्यांनी काढलेल्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता. चित्रपट पडला, पण लोक तेवढ्या प्रसंगासाठी येतात हे मुलांच्या नजरेने हेरले. मग सातही भाऊ कामाला लागले. कुणी दिग्दर्शन केले, कुणी कॅमेरा धरला, कुणी ध्वनी सांभाळला, कुणी संकलन केले. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला, तेव्हा जवळजवळ सगळे घरच मुक्कामाला होते. स्वयंपाकापासून कपडेपटापर्यंत घरच्या बायका राबत. एखाद्या घरगुती खानावळीसारखा हा कारखाना! त्या पैशांत इतके चित्रपट पूर्ण करून दाखवणे ही काही सोपी गोष्ट नव्हे.

तेव्हा गरिबीला दोष देऊन भागणार नाही. १९४२ साली अमेरिकेत व्हॅल ल्यूटन या निर्मात्याला असाच तुटपुंजा पैसा देऊन ‘कॅट पीपल’ काढायला सांगितले होते. बाईचा काळा बिबट्या होतो अशी ती गोष्ट. धड बिबट्या दाखवायला पैसे नाहीत, म्हणून ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी बहुतेक वेळ तो दाखवलाच नाही. भिंतीवर सरकणारी सावली, पोहण्याच्या तलावात घुमणारी गुरगुर, एवढ्यावर काम भागवले. ‘जॉज’ (१९७५) मध्ये तर यांत्रिक शार्क समुद्रात वारंवार बिघडू लागला, म्हणून स्पीलबर्गला तो तासाभराहून अधिक काळ लपवून ठेवावा लागला. प्रेक्षक मात्र पहिल्या दहा मिनिटांतच खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

आता ‘पुराना मंदिर’ बघा. दोनशे वर्षांपूर्वी सैतानाची पूजा करणारा, माणसे मारणारा सामरी पकडला जातो, राजापुढे उभा केला जातो आणि त्याला शिक्षा होते. धड एकीकडे पुरायचे, मुंडके दुसरीकडे पेटीत बंद करायचे. कल्पना झकास आहे. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण पोपटात असतो, त्याच जातीची. पण हा सगळा प्रकार सुरुवातीलाच, सामरीच्या चेहऱ्यासकट उघड्यावर मांडला जातो. लाल डोळे, सुळे, जटा, सगळे बघून होते. पाहुण्याने दारातच जेवून घेतले, आता पंगतीत त्याला काय वाढायचे? पुढे जवळजवळ दोन तास तो चेहरा पुन्हा कधी येतो याची वाट बघायची, आणि तो आला की ‘हा तर मघाचाच’ असे वाटते.

खरे तर रामसेंना नशिबाने फार मोठी गोष्ट मिळाली होती. सामरी झालेले अजय ऊर्फ अनिरुद्ध अगरवाल हे रूरकीला शिकलेले इंजिनिअर. उंच, हाडापेराने मोठे, चेहरा असा की अंधारात नुसते उभे राहिले तरी समोरच्याची बोबडी वळावी. या माणसाला मुखवट्याची गरजच नव्हती. दाराच्या फटीतून त्यांचा एक हात दाखवला असता तरी पुरे होते.

भीतीचे पाणी असे तापत ठेवावे लागते. ‘पुराना मंदिर’मध्ये मात्र ते तापायला लागले की कुणीतरी खाली विस्तव काढून घेते. विस्तव काढणारे मुख्यतः जगदीप. त्यांचा मच्छर सिंग म्हणजे ‘शोले’ची वेगळीच चालवलेली नक्कल, तिचा हवेलीशी, सामरीशी काही म्हणता काही संबंध नाही. तिकडे हवेलीत दार करकरते आहे आणि इकडे डाकूंचा वग सुरू! त्यात गाणी, त्यात मारामाऱ्या, त्यात नायिकेच्या स्नानाचे प्रसंग. वितरकांना पानात सगळेच पदार्थ लागत, हे मान्य. भाजीत खीर वाढली तर दोन्ही वाया जातात, एवढेच.

विनोद आणि भीती एकत्र नांदतच नाहीत असे कुणी म्हणेल, तर त्याला मराठी प्रेक्षक लगेच महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (१९९३) दाखवतील. तिथे ज्याला बघून हसू येते तो लक्ष्याच त्या बाहुल्याच्या तावडीत सापडलेला असतो. लक्ष्मीकांत बेर्डे घाबरले की प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता रामदास पाध्यांचा तो बाहुला मान वळवतो तेव्हा चपापतो. तिथे विनोद भीतीच्या घरातच राहतो. रामसेंनी त्याला शेजारच्या गावात बिऱ्हाड करून दिले होते.

या सगळ्या चुका एक वेळ माफ करता येतील. एक चूक मात्र मनातून जात नाही. मरताना सामरी शाप देतो की राजाच्या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. शिक्षा दिली राजाने, भोगायची घरातल्या लेकीसुनांनी! सैतानसुद्धा कसा घरच्या चालीरीती ओळखून वागतो बघा. म्हणून ठाकूर बाप (प्रदीप कुमार) मुलीच्या प्रेमाच्या आड येतो. त्याची बायको अशीच गेलेली आहे. मुलगी लग्न करील, तिला दिवस जातील आणि तीही जाईल, हे त्याला दिसते आहे. तिला तो ते सांगू शकत नाही.

हा धागा खऱ्या भीतीचा आहे. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडच्या जुन्या बायका उगाच म्हणत नसत. ज्या देशात खेडोपाडी डॉक्टर पोचायच्या आत कितीतरी बाया गेल्या, तिथे या शापाला सुळे आणि लाल डोळे लावावे लागत नाहीत. प्रत्येक घरात अशी एखादी आत्या, मावशी, थोरली काकू असते, जिचा फोटो भिंतीवर असतो आणि विषय निघाला की आवाज खाली येतो. बाप आणि मुलगी एका खोलीत बसवून ही गोष्ट सांगितली असती, तर थिएटरमधला शेंगदाणेवालासुद्धा थांबून ऐकत राहिला असता.

पण त्या बापाच्या भीतीला मिळतात मोजकी मिनिटे. मग नायक-नायिका, मित्रमंडळी बिजापूरच्या हवेलीकडे निघतात आणि गाडी जी सुटते ती पळापळीच्या रस्त्याला लागते. नायिका सुमन (आरती गुप्ता) हिला स्वतःच्या मरणाबद्दल काय वाटते? तिला मूल हवे आहे का? आईची आठवण तिला किती छळते? यातले काही विचारायला कॅमेऱ्याला सवड नाही. तिच्या वाट्याला किंचाळणे येते. हे प्रश्न विचारायला एक पैसाही लागला नसता. ना धुके सोडायचे यंत्र लागत होते, ना रबरी कातडे.

रामसेंना जे येत होते ते त्यांना फार चांगले येत होते, हेही सांगितले पाहिजे. ओसाड वाडा कुठून टिपला की खायला उठतो, वाऱ्याने दिवा कधी विझावा, दाराचे करकरणे किती लांबवावे, याचे गणित पक्के. लाल-हिरव्या दिव्यांचा मारा जरा जास्तच होतो खरा. पण ‘पुराना मंदिर’मधले पेटी उघडण्याआधीचे क्षण आजही नीट बसतात. मुंडके दिसले की जादू जाते.

पुढे ‘थ्रीडी सामरी’ (१९८५) आला, ‘वीराना’ (१९८८) आला, ‘बंद दरवाजा’ (१९९०) मध्ये अगरवाल पुन्हा रक्तपिपासू होऊन आले. १९९३ साली तुलसी आणि श्याम रामसे ‘झी हॉरर शो’ घेऊन थेट दिवाणखान्यात शिरले. तुलसी २०१८ मध्ये गेले, श्याम त्यानंतरच्या वर्षी.

अगरवाल यांचा चेहरा शेखर कपूरनेही वापरला. ‘बँडिट क्वीन’ (१९९४) मध्ये ते बाबू गुज्जर झाले. ना सुळे, ना लाल डोळे, ना धुके. दिवसाढवळ्या, चंबळच्या उन्हात तो माणूस फुलनकडे चालत येतो, आणि बघणाऱ्याला खुर्चीत मागे सरकावेसे वाटते.