पाऊस नाही, तरी द्राक्षं : मेंडोझाच्या कोरड्या हवेचा आणि मातीचा धडा



'पर्जन्यछायेचा प्रदेश' ही व्याख्या आपली मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. डोंगराच्या वाऱ्याकडच्या बाजूला पाऊस जास्त, पलीकडच्या बाजूला कमी. दोन गुण मिळाले, विषय संपला. पण त्या कोरड्या बाजूला माणसं काय पिकवतात, पाणी कुठून आणतात, आणि तिथली हवा-माती पिकाच्या चवीत कशी उतरते, हे त्या दोन ओळींत येत नाही. म्हणून आज एक खरं उदाहरण घेऊ : अर्जेंटिनातला मेंडोझा प्रांत.

दहावीच्या भूगोलात ब्राझील आहे, त्यामुळे दक्षिण अमेरिकेचा नकाशा मुलांच्या ओळखीचा असतो. त्याच नकाशावर खाली डावीकडे, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेंडोझा सापडेल. इथली द्राक्षं आणि त्यांची वाइन जगभर जाते. विषय वाइनचा आहे म्हणून बिचकू नका. वर्गात आपल्याला द्राक्षापर्यंतच जायचं आहे, कारण पुढे बाटलीत जे येतं त्यातलं बरंचसं आधीच वेलीवर ठरलेलं असतं.

ढग अडतात कुठे?

आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात आणि सह्याद्रीला अडतात. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात सुमारे ५०० मिलिमीटर. मेंडोझात वारे पॅसिफिक महासागरावरून, म्हणजे पश्चिमेकडूनच येतात. पाऊस आणि बर्फ चिलीच्या बाजूला आणि शिखरांवर पडतो. पलीकडे उतरणारी हवा कोरडी झालेली असते आणि खाली येताना तापत जाते. कधीकधी ती गरम, धुळीच्या वाऱ्याच्या रूपात उतरते. या वाऱ्याला तिथे 'झोंडा' म्हणतात. मेंडोझा शहराचा वर्षभराचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणच्या निम्म्याहूनही कमी.

मग द्राक्षं येतात कुठून? इथे सह्याद्री आणि अँडीजमधला मोठा फरक मुलांना दाखवा. अँडीजचं सर्वांत उंच शिखर अकोंकाग्वा मेंडोझा प्रांतातच आहे, ६,९६१ मीटर. एवढ्या उंचीवर पाण्याचा बर्फ होतो आणि तो हिवाळाभर साठून राहतो. उन्हाळा लागला की वितळून नद्यांना पाणी येतं. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि वेलीला पाण्याची गरज नेमकी तेव्हाच असते. म्हणजे जो डोंगर पाऊस अडवतो, तोच पाणी साठवून वेळेवर सोडतो. सह्याद्रीला ही सोय नाही. आपलं पाणी चार महिन्यांत येतं आणि वाहून जातं, म्हणून आपल्याला धरणं बांधावी लागली.

पाणी वाटायची शिस्त

मेंडोझात स्पॅनिश लोक येण्याआधीपासून उआर्पे नावाचे मूळ रहिवासी नदीचं पाणी पाटांनी शेतात नेत होते. पुढे त्याच पाटांचं जाळं वाढत गेलं. आज मेंडोझा शहरात रस्त्याच्या कडेने उघडे पाट वाहतात. त्यांना 'आसेकिया' म्हणतात. शहरातली झाडी त्यांच्यावरच जगते.

१८८४ साली प्रांताने पाण्याचा कायदा केला. त्यानुसार पाण्याचा हक्क जमिनीला बांधलेला आहे. जमीन ठेवून नुसतं पाणी विकता येत नाही. पाटावर दारं उघडणारा-बंद करणारा माणूस असतो, त्याला 'तोमेरो' म्हणतात. आपला पाटकरीच तो! धुळे-नाशिक भागातली पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. एवढं करूनही प्रांताच्या पाच टक्क्यांहून कमी जमीन ओलिताखाली आहे. बाकी सगळं माळरान आणि डोंगर.

कोरडी हवा वेलीला काय देते?

द्राक्ष बागायतदाराला विचारा, ढगाळ हवा आली की त्याची झोप का उडते. केवडा, भुरी, मणी कुजणं. पानं आणि घड ओले राहिले की बुरशी वाढते. मेंडोझाच्या कोरड्या हवेत हा त्रास बराच कमी, म्हणून फवारण्याही कमी लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताण. वेलीला भरपूर पाणी दिलं तर ती पानं-फांद्या वाढवते आणि मणी फुगतात. बेताचं पाणी दिलं तर मणी लहान राहतात. खायच्या द्राक्षाला मोठा, रसाळ मणी हवा. तांबड्या वाइनच्या द्राक्षाला मात्र लहान मणी बरा, कारण रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीत असतो.

इथे भूगोलातून थेट गणितात जाता येतं. मणी गोल धरा. १ सेंमी व्यासाच्या मण्याचं पृष्ठफळ सुमारे ३.१४ चौसेंमी आणि घनफळ ०.५२ घसेंमी, म्हणजे गुणोत्तर ६. व्यास २ सेंमी केला तर पृष्ठफळ १२.५७, घनफळ ४.१९, आणि गुणोत्तर ३. मणी दुप्पट मोठा झाला की रसाच्या मानाने साल निम्मी झाली. शेतकरी पाणी तोडून जे साधतो, ते नववीच्या सूत्राने सिद्ध होतं.

दिवसा तापणं, रात्री निवणं

मेंडोझातले बरेच मळे समुद्रसपाटीपासून ६०० ते १,५०० मीटर उंचीवर आहेत. दर १०० मीटर चढलं की हवा साधारण ०.६ अंशाने थंड होते. त्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी. त्यामुळे दिवसा ऊन कडक आणि सूर्य मावळला की गारठा. दिवस-रात्रीच्या तापमानात १५ अंशांहून जास्त फरक पडणं तिथे नवलाचं नाही.

याचा चवीशी काय संबंध? दिवसा पानं साखर तयार करतात. ती मण्यात साठते आणि पुढे यीस्ट त्या साखरेचंच अल्कोहोल करतं. रात्री पान साखर करत नाही, पण मण्याचं श्वसन चालू असतं, आणि त्यात मॅलिक आम्ल खर्च होतं. रात्र उबदार असेल तर जास्त खर्च, गार असेल तर कमी. म्हणून थंड रात्रींच्या मळ्यात द्राक्ष गोड होतं आणि आंबटपणाही टिकतो. नुसती गोड वाइन मिळमिळीत लागते. आंबटपणामुळे तिला धार येते. शिवाय उंचावर अतिनील किरण जास्त, त्यापासून बचाव म्हणून सालीत रंगद्रव्यं वाढतात.

नाशिकशी तुलना करा. आपल्याकडे वेल हिवाळ्यात पूर्ण झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या : एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे हवा तापत जाते तेव्हा. मेंडोझात वेल हिवाळ्यात पानं गाळून विसावते, छाटणी एकदाच, आणि तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे हवा गार होत जाते तेव्हा. वेल तीच, पण तिचं घड्याळ हवामान ठरवतं.

गरीब मातीची श्रीमंती

मेंडोझाची माती नद्यांनी डोंगरावरून वाहून आणलेली. वाळू, गाळ, चिकणमाती, खाली गोटे. सेंद्रिय अंश कमी. आपल्या काळ्या मातीच्या मानाने ही माती गरीबच. पण पाणी झटकन निचरतं, मुळं खोल जातात आणि ताण किती द्यायचा हे शेतकऱ्याच्या हातात राहतं. उको खोऱ्यात काही ठिकाणी गोट्यांवर चुन्याचा पांढरा थर दिसतो. जुन्या नदीपात्रामुळे एकाच मळ्यात इथे वाळू, तर दहा पावलांवर गोटे असंही होतं, आणि त्याच जातीची द्राक्षं वेगवेगळी पिकतात.

एक गैरसमज मात्र दूर करू. दगडाची चव मुळातून थेट द्राक्षात चढत नाही. माती वेलीला पाणी किती देते, अन्न किती देते, किती तापते, यातून चव घडते.

वाळूचा आणखी एक फायदा आहे. फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपचे मळे उद्ध्वस्त केले. वाळूत ती नीट पसरत नाही. त्यामुळे मेंडोझात आजही अनेक वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे क्षार आणि पाणीटंचाई सोसावी म्हणून डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतात.

एका शिक्षकाची आठवण

मेंडोझाचं नाव झालं ते माल्बेक या द्राक्षामुळे. ही मूळची फ्रान्सची जात. १८५३ साली मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाच्या हाताखाली मेंडोझात कृषिशाळा आणि रोपवाटिका सुरू झाली, आणि माल्बेक तिथे आलं. त्यामागे आग्रह होता दोमिंगो सार्मिएंतो यांचा. हे शिक्षक, लेखक आणि पुढे अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष. त्यांचा स्मृतिदिन, ११ सप्टेंबर, तिथे शिक्षक दिन म्हणून पाळतात. फ्रान्सच्या दमट हवेत आणि थंडीच्या कडाक्यात माल्बेकला त्रास व्हायचा. १९५६ च्या गोठवणाऱ्या थंडीत तिथल्या असंख्य वेली मेल्या. कोरड्या मेंडोझात ती फोफावली. आज जगातलं सर्वांत जास्त माल्बेक अर्जेंटिनात आहे.

पण टेलला काय?

इथवर ही यशोगाथा वाटेल. मुलांना इथेच थांबवू नका. पाटाच्या शेवटच्या टोकाला, आपण ज्याला 'टेल' म्हणतो तिथे, काय होतं ते विचारायला लावा. मेंडोझाच्या ईशान्येला ग्वानाकाचे नावाची सरोवरं होती. वरच्या भागात शेतीसाठी पाणी वळवलं गेलं आणि ती बहुतांशी आटली. तिथे राहतात उआर्पे लोकांचे वंशज. ज्यांच्या पूर्वजांनी पाट काढले, त्यांच्याच दारात पाणी उरलं नाही.

त्यात २०१० नंतर मध्य अँडीजवर अनेक वर्षं बर्फ कमी पडला. डोंगरावरची टाकीच अर्धी भरली तर खालचा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणूनच २०१९ च्या डिसेंबरमध्ये, खाणीत सायनाइडसारखी रसायनं वापरण्यावरची बंदी प्रांतिक विधिमंडळाने सैल केली, तेव्हा हजारो लोक पाण्यासाठी रस्त्यावर उतरले. काही दिवसांतच तो बदल रद्द करावा लागला.

आपल्या सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातही टंचाईच्या वर्षी टँकरच्या पाण्यावर बागा जगवल्या गेल्या आहेत. कोरडी हवा द्राक्षाला मानवते हे खरं. पण पाणी कुणाच्या वाट्याचं, हा प्रश्न द्राक्षाच्या चवीत कळत नाही. तो भूगोलाच्या तासालाच विचारावा लागतो.

वर्गात आणि घरी करून बघा

१. काळ्या द्राक्षाची साल काढून गराचा रस वाटीत पिळा. रस फिकट निघतो. साल वेगळी चुरडा. रंग कुठे होता ते मुलं स्वतः सांगतील.

२. तीन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या धरा, तोंडाला फडकं बांधा. एकीत वाळू, दुसरीत मुरूम, तिसरीत काळी माती भरा. सारखं पाणी ओता आणि निचऱ्याला लागणारा वेळ लिहा.

३. आठवडाभर रोजचं कमाल आणि किमान तापमान नोंदवा. फरक काढा. ढगाळ दिवशी फरक कमी का झाला, यावर बोला.

४. शेवटी एक प्रश्न वहीत लिहायला द्या : 'तुमच्या गावात पाणी सर्वांत शेवटी कुणाकडे पोहोचतं, आणि का?' उत्तर पुस्तकात नाही. ते घरी, शेजारी, पाटकऱ्याला किंवा पाणी सोडणाऱ्या काकांना विचारूनच लिहावं लागेल.