वरातीची वही

गाणे चांगले असणे आणि गाणे वरातीत चालणे या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. हे शहाणपण संगीत विद्यालयात मिळत नाही. ते सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर, अंगात जरीचा डगला घालून आणि ओठांत क्लॅरोनेट धरूनच यावे लागते. आमच्या ब्रास बँडमध्ये मी कित्येक वर्षे क्लॅरोनेट वाजवितो, आणि गाण्यांची वही सांभाळण्याचे कामही माझ्याकडेच आहे. सुपारी ठरली की कोणती गाणी, कोणत्या क्रमाने, हे त्या वहीतून निघते.

पहिले गाणे गणपतीचे. तिथे वाद नाही. खरी परीक्षा दुसऱ्यापासून. वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या : बँडला शब्द नसतात. ते ऐकणाऱ्याच्या मनात असावे लागतात. पहिल्या चार सुरांत गाणे ओळखू आले नाही, तर ते कितीही गोड असो, वरात नुसती चालत राहते, नाचत नाही. म्हणून ज्याची सारी गंमत शब्दांत आहे, असे गाणे मी वहीत घेतच नाही.

'नागिन'ची (१९५४) पुंगी वाजली की रुमाल दातांत धरून डोलणारा एक तरी मामा प्रत्येक वऱ्हाडात निघतोच. मौज अशी की, चित्रपटात ऐकू येते ती पुंगी नव्हेच! कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर आणि रवी यांनी पेटीवर मिळून तो आवाज काढला. मुळातच ती नक्कल. मग आमच्या क्लॅरोनेटला नावे कोण ठेवणार? हे रवी तेव्हा हेमंतकुमारांचे साहाय्यक होते. पुढे मित्राच्या लग्नात नाचण्याचे 'आदमी सड़क का'मधले (१९७७) गाणे त्यांनीच दिले, आणि लेकीच्या पाठवणीचे 'नीलकमल'मधले (१९६८) गाणेही त्यांचेच. दोन्ही महंमद रफींनी गायिलेली. वरात निघाल्यापासून नवरी गाडीत बसेपर्यंत आमचा निम्मा संसार या एका माणसाने चालविला आहे.

गावागणिक वहीचे पान बदलते. साताऱ्याकडच्या जत्रांत लावणीवाचून चालत नाही. 'पिंजरा'ला (१९७२) पन्नास वर्षे उलटली तरी त्यातल्या गाण्यांची फर्माईश होतेच. त्याचे संगीतकार राम कदम मिरजेचे, याचा आम्हां सांगलीकडच्या मंडळींना भारी अभिमान. मिरजेत मात्र जपून असावे लागते. ते सतारमेकरांचे गाव. तंबोरे जुळविणारे कान रस्त्याकडेला उभे असतात. तिथे उगाच हरकती घेऊ नयेत. गाणे सोपे, पण सुरात. तरुणांना 'सैराट' (२०१६) हवाच. पण अशी दोन गाणी लागोपाठ झाली की ट्रंपेटवाल्याचे ओठ बधिर होतात, म्हणून तिसरे संथ.

डॉल्बीला ओठ नाहीत, दमही लागत नाही. आमच्या कितीतरी सुपाऱ्या त्याने नेल्या. पण एक गोष्ट त्याला जमत नाही, ती सांगतो. तासगाव तालुक्यातल्या एका लग्नात ऐन पाठवणीच्या वेळी नवऱ्याच्या मित्रांनी पाचशेची नोट ओवाळून नाचाचे गाणे मागितले. मुलीचे वडील मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. आमच्या मास्तरांनी ती नोट हळूच त्या पोराच्या खिशात परत घातली. "दादा, आता नाही. आताचं गाणं त्यांचं," एवढेच म्हणाले आणि मला खूण केली. पाचशे रुपये अकरा जणांत वाटले जायचे. ते नकोत असे कुणालाच नव्हते. तरी कुणी कुरकुरले नाही. पुढच्या वर्षी त्याच भावकीतून दोन सुपाऱ्या आल्या.

आता तुळशीची लग्ने लागली की आमचा हंगाम सुरू होईल. पथकातली पोरे मोबाइलवर नवी गाणी ऐकवतील. तीन वहीत चढतील, तीन कटतील. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, तेव्हा यादी आखूड ठेवावी लागते आणि एकही जागा वाया घालविता येत नाही. आपल्या घरी कार्य निघाले, तर बँड ठरविताना नुसता दर विचारू नका. शेवटचे गाणे कोणते, तेही विचारा.