पानावर दिसतं ते स्क्रीन रीडरला मिळतं का?

कोयनानगरच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपावर एक वेबपान आहे असं समजा. वर जाड अक्षरांत शीर्षक, खाली भूकंपाचा आलेख आणि 'आकडेवारी डाउनलोड करा' असं बटन. एनव्हीडीए वापरणाऱ्या अंध विद्यार्थिनीला यातलं काय मिळेल?

स्क्रीन रीडर पडद्याकडे 'बघून' वाचतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ब्राउझर एचटीएमएलपासून आधी डॉम ट्री बनवतो आणि त्यावरून ॲक्सेसिबिलिटी ट्री. या दुसऱ्या झाडात घटकाची भूमिका, नाव आणि स्थिती नोंदलेली असते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या एपीआयमार्फत स्क्रीन रीडर ती माहिती घेतो आणि बोलून दाखवतो.

आता आपलं पान तपासू. शीर्षकाला हेडिंगचा टॅग नसेल, तर झाडात तो साधा मजकूर. एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. आलेखाला पर्यायी मजकूर नसेल, तर फार तर फाइलचं नाव ऐकू येतं. साध्या 'डिव्ह'ला रंग देऊन नुसतं क्लिक जोडलं असेल, तर ते बटन म्हणून नोंदलंच जात नाही. टॅब कीनेही तिथे पोचता येत नाही. म्हणजे आकडेवारी पानावर आहे, पण तिचा प्रकल्प तिथेच अडतो.

मराठीत आणखी दोन खाचखळगे आहेत. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर आपल्याला देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. झाडात तीच जातात, आणि ऐकू येते निव्वळ बडबड. दुसरं म्हणजे भाषेची नोंद. देवनागरी हिंदीचीही लिपी आहे. पानाची भाषा मराठी असं कोडमध्ये लिहिलं नसेल, तर हिंदी आवाज लागू शकतो आणि 'चमचा'तला च बिघडतो.

हे स्वतः पाहायचं असेल, तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'एलिमेंट्स'खाली 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा. पण एक लक्षात ठेवा. पर्यायी मजकूर आहे की नाही, हे यंत्र सांगतं. तिथे नुसतं 'आलेख' लिहिलं असेल, तरी यंत्र पास करतं. त्या आलेखातून काय कळायला हवं होतं आणि ते तिला कळलं का, हे वापरणाऱ्या व्यक्तीसोबत बसूनच तपासावं लागतं. या विषयातलं खरं संशोधन तिथे सुरू होतं.