पाळीचं दुखणं आणि जुलाबाची गोळी

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोशांवर, आतड्यांवर, ओटीपोटाच्या आवरणावर रुजल्या, की त्या विकाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जगात सुमारे 19 कोटी स्त्रियांना तो आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून त्या काढल्या, तरी अनेकींचं दुखणं परत येतं. ‘पाळीत दुखायचंच’ असं सांगून ज्यांना वर्षानुवर्षं गप्प बसवलं, त्यांच्यासाठी नवा उपाय शोधायलाच हवा.

म्हणून जपानच्या नागोया विद्यापीठाचं 2023 मधलं संशोधन मला फार मोलाचं वाटतं. हा विकार असलेल्या 64 टक्के स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्यूजोबॅक्टेरियम हा जिवाणू सापडला. विकार नसलेल्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांहून कमी होतं. हिरड्यांच्या आजारातही तो आढळतो. उंदरांना त्याचा संसर्ग केल्यावर अशा पेशींच्या गाठी वाढल्या, मेट्रोनिडाझोल दिल्यावर घटल्या. हो, अमीबाच्या जुलाबावर डॉक्टर देतात तीच गोळी!

पण बाईच्या वेदनेवर ती चालेल का? ती शस्त्रक्रियेनंतर दिली, तर अडचण अशी, की शस्त्रक्रियेनेच बऱ्याच जणींना आराम पडतो. मग श्रेय कुणाला द्यायचं? त्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच बिनऔषधाची. दुखण्याला 0 ते 10 गुण द्यायचे, महिनोन्‌महिने. यात एक गोम आहे: मेट्रोनिडाझोलने अनेकांच्या तोंडाला धातूसारखी चव येते. आपल्याला खरी गोळी मिळाली हे बाईने ओळखलं, तर तेवढ्यानेही गुण बदलू शकतात. त्यामुळे ‘तुम्हाला कोणती गोळी मिळाली असं वाटतं?’ हेही प्रत्येकीला विचारायला हवं.