जिन्यावरची पावले

लष्करातील आमच्या जुन्या वाड्यात रात्री जिना वाजत असे. निदान आत्या तसे म्हणे. आम्ही मुले तेव्हा नारायण धारपांच्या भयकथा वाचून भारावलेली. जिन्यावर भूत आहे असा निर्णय एकमताने देऊन टाकला आणि गोधडीत तोंड खुपसून त्याची वाट पाहू लागलो. आम्हांला मात्र जिना कधीच ऐकू आला नाही.

पुढे मराठीत एम.ए. झालो आणि त्या पदवीबरोबर येणारा तुच्छताभावही काही वर्षे अंगी बाणला. रहस्यकथा म्हणजे प्रवासात वाचून गाडीतच विसरून यावयाची वस्तू! हे मत बदलावयास बराच काळ लागला. हजारांवर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या परंपरेत मुख्य प्रश्न असे तो गुन्हेगार कोण, हा. उत्तर मिळाले की पुस्तक मिटते. परंतु दोस्तोयेव्स्कीच्या १८६६ सालच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मध्ये खून वाचकाच्या डोळ्यांदेखत होतो, तरीही कादंबरी खाली ठेववत नाही. शोध घ्यावयाचा असतो तो एका मनाचा, आणि पकडले जाण्याचे भय आपण खुन्याच्या बरोबरीने भोगत असतो. त्याने सुटावे असे आपल्याला क्षणभर वाटूनही जाते. भय खरे तिथे आहे.

मराठीत हे मर्म रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) ओळखले. वीस वर्षे बँकेत नोकरी केलेल्या ह्या लेखकाची गूढकथा स्मशानात न जाता आपल्यासारख्यांच्या बैठकीच्या खोलीत शिरते. घडले ते खरेच घडले की पात्राच्या मनात, हा प्रश्न त्यांच्या कित्येक कथांत शेवटपर्यंत झुलत राहतो. हे कसब दिसते तितके सोपे नव्हे. लेखकाला पुष्कळ लपवावे लागते, पण खोटे बोलून चालत नाही. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्य प्रामाणिक निघाले पाहिजे. नाही तर वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि ते योग्यच आहे.

ह्या संदर्भात आपल्याच मातीतले एक नाव आठवते. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे जन्मले; घर मराठी, वडील पोलीस खात्यात, लेखन हिंदीत. त्यांची ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता त्यांच्या निधनानंतर, १९६४ सालीच प्रसिद्ध झाली. कविता खरी, पण तिचा श्वास रहस्यकथेचा. मध्यरात्रीच्या मिरवणुकीत निवेदकाला गावातली प्रतिष्ठित माणसे एका कुप्रसिद्ध खुन्यासोबत चालताना दिसतात, आणि आपण त्यांना पाहिले एवढ्याच अपराधासाठी त्याला पळावे लागते. आरंभी तर केवळ पावलांचा आवाज आहे. अंधाऱ्या खोल्यांतून कोणी सतत फिरते आहे आणि दिसत नाही. तो परका नव्हे, आपलेच हरवलेले रूप आहे, हे हळूहळू उमगते.

हा आरंभ मी एकदा आत्याला मराठीत समजावून सांगत होतो. तोवर मला कळले होते की तिचा थोरला मुलगा रागाने घर सोडून गेला तो परतलाच नाही, आणि रात्रीच्या गाडीची वेळ टळेपर्यंत ती जागी राहत असे. भुताची ती जुनी गोष्टही मी हसत हसत सांगितली. ती हसली नाही. वाती वळता वळता म्हणाली,

“वाजतो रे जिना. तुम्ही मुले झोपून जात होता.”